दगडासारखं पेडल

घाटापलीकडच्या मोल्येस गावातून डॉक्टर नेलिदा आरोस्तेगी यांचं पत्र आलं, तेव्हा पेरानो मास्तरांनी ते एकदा उभ्यानं वाचलं, एकदा बसून वाचलं आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीवर येर्बाच्या, म्हणजे कडू चहाच्या पाल्याच्या, डब्यामागे सरकवून ठेवलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी ठरवलं. मग हिवाळाभर ते रोज तसंच ठरवत राहिले.

पत्र सभ्य होतं, हीच खरी अडचण होती. शिवीगाळ असती तर मास्तरांना उत्तर न देण्याचं कारण मिळालं असतं.

"आदरणीय इंजिनियर," पत्रात लिहिलं होतं, "मी व्यवसायाने दंतवैद्य आहे. आपला लेख वाचून मी माझ्या जुन्या फियाटला ब्रेकच्या जाड डिस्क बसवल्या. कॅलिपर उघडले, मधे आपण सांगितल्या तशा पट्ट्या घातल्या, लांब बोल्ट लावले. सगळं लेखाप्रमाणे केलं. आता ब्रेकचं पेडल दाबलं की पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जातो. दुसऱ्यांदा दाबलं की थोडं काही लागतं, तिसऱ्यांदा गाडी थांबते. माझं काय चुकलं ते कृपया कळवावं. वसंतात घाट उतरून आपल्या बाजूला बहिणीकडे यायचं आहे, आणि दर वळणावर तीनदा दाबायला वेळ मिळेल असं वाटत नाही."

आता गोष्ट अशी होती की पेरानो मास्तर इंजिनियर नव्हते. त्यांनी जन्मभर पिएद्रा आल्ताच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर जुन्या मोटारींच्या मित्रमंडळात ते गेले ते इर्माच्या आग्रहामुळे. माणसात जरा बसशील, असं बायकोचं म्हणणं होतं. मंडळाचा अध्यक्ष तितो स्काराफिया याला पत्रिकेची पानं भरायची होती आणि मास्तरांच्या घरी जुन्या इंग्रजी मोटार मासिकांचा गठ्ठा होता. मास्तरांनी त्यातला एक लेख आपल्या भाषेत आणला. मंडळात ज्याचं नाव छापून येई त्याला इंजिनियर म्हणायची पद्धत होती. मास्तरांनी एकदा भर सभेत खुलासा करायचा प्रयत्न केला. "किती नम्र आहेत बघा आपले इंजिनियर," तितो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय सोडला.

लेख मात्र सुरेख उतरला होता. जुन्या गाड्यांच्या पातळ डिस्क घाट उतरताना तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. जाड, मधे पोकळ्या असलेली डिस्क तितकी तापत नाही. पण कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा चिमटा, आणि पातळ डिस्कच्या चिमट्यात जाड डिस्क मावत नाही. म्हणून चिमट्याचे दोन अर्धे वेगळे करायचे, मधे जाडीच्या फरकाएवढी पट्टी घालायची आणि पुन्हा आवळायचं. वाचायला हे इतकं सरळ होतं की लिहिताना मास्तरांना एकदाही भीती वाटली नाही. त्यांनी स्वतः तोवर गाडीचं फक्त बॉनेट उघडलं होतं, आणि तेसुद्धा चुकून.

मंडळातल्या बऱ्याच जणांनी, तितो आणि ओरेस्ते धरून, लेखाबरहुकूम डिस्क बदलल्या. रविवारी निखाऱ्यावर मांस भाजताना ज्याला त्याला विचारावं तर उत्तर एकच. "पेडल? दगडासारखं."

म्हणजे सगळ्यांचं जमलं होतं आणि एकट्या दंतवैद्यबाईंचं बिघडलं होतं. पण काय बिघडलं होतं?

"तिला लिहून टाक ना, की मला माहीत नाही," इर्मा म्हणाली.

"इंजिनियरला माहीत नाही, असं कसं लिहू?"

"तू इंजिनियर नाहीयेस, म्हाताऱ्या."

"ते तरी कसं लिहू?"

हिवाळा सरला. घाटावरचं धुकं उठलं आणि मंडळानं वसंतातली सहल जाहीर केली: सगळ्या गाड्यांनी घाट चढून पलीकडे मोल्येसला उतरायचं, तिथे जेवायचं आणि परत यायचं. तो घाट मास्तरांना पाठ होता. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. कधीतरी त्याच रस्त्यावर दंतवैद्यबाई वळणावळणाला तीनदा पेडल दाबत उतरतील आणि एखाद्या वळणावर दोनदाच दाबून होईल, हे चित्र त्यांना जेवताना दिसायला लागलं. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण स्वतः आपल्या पांढऱ्या प्यूजोला हे करून बघायचं. कुठे चुकू शकतं ते कळेल, मग उत्तर लिहिता येईल.

"म्हणजे एक पत्र लिहायचं टाळण्यासाठी तू गाडी मोडणार," इर्मा म्हणाली.

"मोडणार नाही. उघडणार."

"तेच ते."

त्यांनी आपला लेख गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला आणि ओळीओळीनं कामाला लागले. कॅलिपर निघाले. दोन्हींचे मिळून सगळे अर्धे त्यांनी नाताळच्या केकच्या रिकाम्या डब्यात घातले आणि लेथवाल्याकडे नेऊन दिले. लेथवाल्यानं पट्ट्या कातून दिल्या आणि सगळं इतकं घासूनपुसून परत केलं की कुठला तुकडा कुठला ते ओळखू येईना. मास्तर मुळीच घाबरले नाहीत. लेखात त्याची सोय होती: ज्याच्यावर सम आकडा कोरलेला तो कॅलिपर चालकाच्या बाजूला, विषम आकड्याचा दुसऱ्या बाजूला. हा परिच्छेद आपण किती स्वच्छ लिहिला आहे, असं त्यांना वाटून गेलं. असं त्यांना फार क्वचित वाटे.

मग चाक बसेना. पट्टी घातल्यामुळे कॅलिपर फुगला होता आणि चाक त्याच्यावर अडत होतं. लेखात चाकाबद्दल अक्षर नव्हतं. मास्तर सहज आल्यासारखे तितोकडे गेले.

"चाक का बसणार नाही?" तितो म्हणाला. "माझं बसलं की."

"तुझी चाकं मोठी आहेत ना?"

"ती मी शोभेसाठी बदलली."

"आणि ओरेस्तेनं?"

"त्यानंही शोभेसाठीच."

त्या वर्षी अख्ख्या मंडळाला अचानक सौंदर्यदृष्टी आली होती. मास्तरांनीही भंगारवाल्याकडून मोठी चाकं आणली, पण पुढच्या जोडीपुरतीच मिळाली. गाडी नाक वर करून उभी राहिली, आभाळात काहीतरी शोधत असल्यासारखी. इर्मानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ती घरात निघून गेली.

आता राहिलं होतं ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. कॅलिपरला एक बारीक तोटी असते. आत बसलेल्यानं पेडल दाबायचं, खाली वाकलेल्यानं तोटी उघडायची, हवा आणि तेल बाहेर येतं, तोटी बंद करायची, मग पेडल सोडायचं. इर्मा एका हातात येर्बाचा पेला घेऊन स्टिअरिंगसमोर बसली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. हं, सोड. दाब."

"किती वेळ?"

"हवा जाईपर्यंत. सोड. दाब."

दुपारच्या झोपेची वेळ होती. शेजारणीनं भिंतीवरून डोकं काढलं. "इर्मा, कोण बाळंत होतंय का तुमच्याकडे?"

"होईना म्हणून तर चाललंय," इर्मा म्हणाली.

तेलाची बाटली संपली तरी पेडल लोण्यातच. तिसऱ्यांदा दाबल्यावर काहीतरी लागायचं, हुबेहूब पत्रातल्यासारखं. मास्तरांना एक क्षण आनंद झाला की आपल्यालाही तेच जमलं आहे जे डॉक्टरीणबाईंना जमलं. मग त्यांना कळलं की ही आनंदाची गोष्ट नाही.

ते ओविडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात ब्रेक ऑइल आणायला गेले.

"तुम्हीपण का?" ओविडिओ म्हणाला. "यंदा तुमच्या मंडळाला झालंय तरी काय? खानावळवाले तळायचं तेल नेत नाहीत इतकं ब्रेक ऑइल नेताय."

"कोण कोण नेतं?"

"सगळेच. ओरेस्ते येतो, आणि तितो तर येतोच येतो. म्हणतो, माझ्या गाडीला ताजं तेल आवडतं."

दुसरा एखादा माणूस असता तर त्याला इथेच उजेड पडला असता. पण मास्तरांचा स्वभाव असा की जगात कुठेही काही बिनसलं की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. त्यांनी निष्कर्ष काढला, की बाकीचे लोक तेल वरचेवर बदलतात म्हणून त्यांचं पेडल दगडासारखं राहतं, आणि आपण एकदाच बदलून थकलो. त्यांनी आणखी दोन बाटल्या घेतल्या.

पुढच्या रविवारी मंडळ नदीकाठी जमलं तेव्हा मास्तर मुद्दाम लवकर जाऊन झाडाखाली उभे राहिले. एकेक गाडी येत होती, पण कशी? लांबूनच वेग कमी करत, आतल्या माणसाचा गुडघा शिवणयंत्रावर बसल्यासारखा वरखाली होत, आणि थांबायची ती झाडापासून चांगली हातभर नाही, चांगली घरभर आधी. ओरेस्तेनं तर उतरल्याबरोबर चाकामागे दगड लावला.

"तितो," मास्तर चाचरत म्हणाले, "तू थांबायच्या आधी दोनदा काय दाबतोस?"

"ते पेडलला जागं करणं. दोनदा हलकं, तिसऱ्यांदा मनापासून. जाड डिस्कचा स्वभावच तो. तुमच्याच लेखात असेल, इंजिनियर."

"नाहीये."

"मग घाला पुढच्या वेळी."

"पण एरवी पेडल कसं आहे?"

"दगडासारखं," तितो म्हणाला आणि मांस उलटायला गेला. ते एका बाजूनं अजून कच्चं होतं, तरी त्यानं उलटलं.

महिन्याच्या एकोणतीस तारखेला इर्मानं रिवाजाप्रमाणे न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, केले. मास्तरांचं ताटाकडे लक्ष नव्हतं. सहल तीन दिवसांवर आली होती आणि ते मनात घाट उतरत होते. पाण्याऐवजी त्यांनी सोड्याचा सायफन, तळापर्यंत नळी गेलेली ती दांडीची बाटली, उचलला आणि पेल्यावर इतका तिरका केला की तो पार उलटा झाला. दांडी दाबली. फुस्स करून नुसती हवा आली.

"उलटा धरलास," इर्मा म्हणाली.

मास्तरांनी तो सरळ केला. पुन्हा उलटा केला. पुन्हा दाबलं. फुस्स.

"हवा वर जाते," ते म्हणाले.

"अभिनंदन. जेव आता."

"हवा वर जाते, इर्मा. आपण तिला खालून बोलावतोय."

गळ्यात रुमाल अडकवलेला तसाच, ते गॅरेजमध्ये गेले आणि गाडीखाली वाकले. दोन्ही कॅलिपरच्या तोट्या खालच्या टोकाला होत्या. तेल खाली, हवा वर, आणि इतके दिवस त्यांनी हवेला बाहेर जायला वाट करून दिली होती ती तळाशी. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला असता तर तोटी आपोआप वर आली असती. पण लेखात तर स्वच्छ लिहिलं होतं. ते भिंतीपाशी गेले. सम आकडा चालकाच्या बाजूला.

कुणाच्या चालकाच्या?

मास्तर आडव्या पडलेल्या टायरवर बसले. तिकडे इंग्लंडात चालक उजवीकडे बसतो. ही गोष्ट त्यांनी दर वर्षी नव्या वर्गाला फळ्यावर मोटार काढून शिकवली होती. स्टिअरिंग डावीकडे काढणाऱ्या मुलांचे गुणही कापले होते.

"काय झालं?" इर्मा दारात उभी होती.

"मला शून्य गुण," मास्तर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी कॅलिपर अदलाबदल केले. इर्मा पुन्हा स्टिअरिंगसमोर बसली. तोटीतून बुडबुडे आले, मग आणखी आले, मग नुसतं तेल आलं.

"दाब."

"दाबतेय."

"दाब की."

"अरे, दाबतेय रे बाबा. खालीच जात नाही. हा बघ, आता खरा दगड."

मास्तरांनी हात पुसले आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण आता त्यांना सगळं कळलं होतं: ताजं तेल, शोभेची चाकं, पेडल जागं करणं, चाकामागचा दगड. मंडळातल्या प्रत्येकाचा ब्रेक लोण्याचा होता. प्रत्येकाला वाटत होतं की बिघडलंय ते आपलं एकट्याचंच, आणि म्हणून प्रत्येक जण दगडाची शपथ घेत होता. आणि रविवारी हे सगळे एकामागून एक घाट उतरणार होते.

सहलीआधीची सभा भरली. मास्तर उभे राहिले. त्यांनी रात्रीपासून वाक्यं पाठ केली होती आणि उभं राहताच ती गेली.

"माझ्या लेखात," ते म्हणाले, "कदाचित, म्हणजे मला वाटतं, एक चूक राहिली असावी. आपल्यापैकी कुणाचं पेडल जर मऊ लागत असेल…"

"माझं?" तितो म्हणाला. "दगडासारखं."

"माझं तर इतकं कडक आहे की गुडघा दुखतो," ओरेस्ते म्हणाला. गुडघा खरंच दुखत होता. तो चोळतच तो बोलत होता.

"इंजिनियर, उगाच मनाला लावून घेऊ नका," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमचा लेख म्हणजे सोनं आहे."

टाळ्या पडल्या. मास्तर खाली बसले. बसल्यावर त्यांना घाटातलं ते वळण दिसलं, जिथे कठड्याचा खांब कधीचा पडून गेला आहे, आणि त्या वळणावर ओरेस्तेचा दुखरा गुडघा दिसला. ते पुन्हा उभे राहिले. जन्मात त्यांनी एका सभेत दोनदा तोंड उघडलं नव्हतं.

"लेखाचा दुसरा भाग सांगायचा राहिला," ते म्हणाले.

ओरेस्तेचा हात गुडघ्यावरच थांबला.

"पहिल्या भागाप्रमाणे केल्यावर काही महिने गाडी चालवायची. पट्ट्या नीट बसतात. मग डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा, आणि नव्यानं हवा काढायची. ज्याचं काम पहिल्यांदा उत्तम झालंय, त्यालाच याचा फायदा होतो."

मास्तरांचे कान तापले. इतकं सलग खोटं ते कधी बोलले नव्हते, आणि ते इतकं पटणारं निघेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"दुसरा भाग आहे होय?" ओरेस्ते म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की मास्तरांना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

"मला वाटतच होतं," तितो म्हणाला. "आणि हे कधी करायचं म्हणालात?"

"घाट उतरायच्या आधी. पण पट्ट्या बसल्या असतील तरच."

"बसल्यात," सगळे एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिएद्रा आल्तात दुपारी कुणी झोपलं नाही. गॅरेजागॅरेजातून एकच संवाद चालू होता. दाब, सोड, दाब. ओविडिओकडचं ब्रेक ऑइल जेवणाच्या वेळेआधीच संपलं. मास्तर मात्र घरात टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. चार पानं झाली. त्यात आकृती होती, इंग्लंडातली वाहतूक होती आणि क्षमा तर पानोपानी होती. पाकीट बंद करून त्यांनी कोटाच्या खिशात घातलं. उद्या मोल्येसलाच पेटीत टाकू, म्हणजे बाईंना लवकर मिळेल.

रविवारी ओळीनं सगळ्या गाड्या घाट उतरल्या, आणि कुणाचाही गुडघा वरखाली झाला नाही. मोल्येसच्या चौकात तितोनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "पहिल्या भागातही उत्तमच होतं. पण दुसऱ्या भागात बारीकसा फरक पडतो, जाणकाराला कळेल असा."

मास्तर आणि इर्मा आपल्या नाक वर केलेल्या प्यूजोशेजारच्या बाकावर बसले होते. आखूड केसांची, साठीच्या पुढची एक बाई हात पाठीमागे बांधून गाड्या बघत आली आणि त्यांच्या चाकापाशी वाकली. वाकण्यात सराव दिसत होता, दुसऱ्याच्या तोंडात बघण्याचा असावा तसा.

"जाड डिस्क," ती म्हणाली. "तुम्हीपण त्या इंजिनियरच्या लेखावरून केलंत का?"

मास्तरांनी आपल्या बुटाकडे बघून मान हलवली.

"मीपण. करून फसले. मग त्याला पत्र लिहिलं, तर बाबाचं उत्तरच नाही. म्हटलं मोठा माणूस, कामात असेल. वाट बघून बघून शेवटी स्वतःच चाक काढून बघितलं. तोट्या खाली! इतका वेळ दाढ दुखतेय वरची आणि मी बघतेय खालची. बदलले डावे-उजवे, झालं काम."

"कसं ओळखलंत हो?" इर्मानं विचारलं. ती नवऱ्याकडे बघत होती.

"माझ्या समोर माणूस बसतो ना खुर्चीत. त्याची डावी बाजू ती माझी उजवी. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात, नाहीतर भलताच दात हातात यायचा. इंग्रजी मासिकातून उचलला असणार त्यानं तो लेख. त्यांचा चालक बसतो पलीकडे."

"मग रागावलात का त्याच्यावर?"

"राग कसला. लिहिलंय छान त्यानं. भेटला तर एकच विचारीन, बाबा रे, हे तू स्वतःच्या हातानं कधी केलंयस का?"

तेवढ्यात तितोनं बाईंना हाक मारून आपल्या गाडीपाशी बोलावलं आणि दुसऱ्या भागाचं महत्त्व समजावून द्यायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई मान तिरकी करून शांतपणे ऐकत होत्या.

"जा," इर्मा म्हणाली. "पंधरा पावलांवर उभी आहे ती. सांग."

"पत्राचं उत्तर पत्रानंच द्यायचं असतं."

"म्हाताऱ्या."

मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं, कडेनं हळूच उघडलं आणि चारही पानं बाहेर काढून खिशात ठेवली. बारमधून त्यांनी एक कोरा कागद आणि चिकटपट्टी मागून आणली. बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं:

"आदरणीय डॉक्टर, केलंय. पण तुमच्यानंतर. — आन्सेल्मो पेरानो, इंग्रजीचा शिक्षक."

इर्मानं खांद्यावरून वाचलं. "एवढ्यासाठी अख्खा हिवाळा लागला?"

"आधी करावं लागलं ना," मास्तर म्हणाले. चौकाच्या कोपऱ्यावरच्या पेटीपाशी जाऊन त्यांनी पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पाकीट आत सोडलं.